यंत्रात वसलेला संगणक आणि त्याची आज्ञावली

संगणक म्हटला की पडदा, कळफलक आणि त्यांच्यासमोर बसलेला माणूस असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु आज वापरात असलेल्या संगणकांपैकी फार मोठा वाटा अशा संगणकांचा आहे, की ज्यांच्यासमोर कोणीही बसत नाही. कार्यालयात इंटरनेट पोहोचविणारा राउटर, घरातील सेट-टॉप बॉक्स, चौकातील निरीक्षण-कॅमेरा, पाणीपुरवठा योजनेच्या पंपघरातील नियंत्रक, या प्रत्येकाच्या पोटात एक लहानसा संगणक बसविलेला असतो. एकच नेमून दिलेले काम त्याने वर्षानुवर्षे, विनातक्रार करावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. अशा संगणकास अंतःस्थापित किंवा एम्बेडेड संगणक म्हणतात.

ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत अशा उपकरणांची खरेदी होत असते. खरेदी होते ती डब्याची. परंतु डब्याचे आयुष्य ठरविते ती आतील आज्ञावली. पुरवठादाराचा व्यवसाय बंद पडला आणि आज्ञावली त्याच्याबरोबरच गेली, तर धडधाकट उपकरणही अडगळीत टाकावे लागते. म्हणून ही आज्ञावली कशी तयार होते आणि ती घेताना काय पारखावे, याची माहिती तंत्रज्ञांइतकीच खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्यांस व लोकप्रतिनिधींस असणे अगत्याचे आहे. यांपैकी पुष्कळ उपकरणे लिनक्स या कार्यप्रणालीवर चालत असल्याने येथे तिचाच विचार केला आहे.

लिनक्सची निवड का होते?

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, जगापुढे ठेवला. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, तो जीपीएल या मुक्त परवान्याखाली आणला गेला. रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पासाठी सिद्ध केलेल्या या परवान्याचे मर्म असे, की आज्ञावली कोणीही वापरावी, अभ्यासावी, सुधारावी व वाटावी. मात्र जो ती दुसऱ्यास देईल त्याने तिची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, देण्याचे बंधनही पाळावे.

यंत्रनिर्मात्यांना ही व्यवस्था अनेक कारणांनी सोयीची वाटली. प्रत्येक नगामागे परवाना-शुल्क द्यावे लागत नाही. निरनिराळ्या जातीच्या प्रक्रियकांवर लिनक्स चालते. जाळ्याशी जोडणी, संचिका-व्यवस्था, असंख्य चिपांचे चालक या गोष्टी तयार मिळतात. शिवाय मूळ संहिता हाती असल्याने नको असलेला भाग काढून टाकता येतो, आणि लहान उपकरणाच्या दृष्टीने हा लाभ सर्वांत मोठा आहे. मेजावरील संगणकावरील लिनक्स अनेक गिगाबाइट जागा व्यापते. याउलट २००२ च्या अखेरीस बाजारात आलेल्या लिंक्सिस डब्ल्यूआरटी५४जी या राउटरच्या पहिल्या आवृत्तीत कायम स्मृती होती ४ मेगाबाइट आणि चालू कामाची स्मृती १६ मेगाबाइट. तेवढ्यात संपूर्ण लिनक्स नांदत होते.

चार थरांची रचना

अशा यंत्रणेचे चार थर मानता येतील. पहिला थर बूटलोडरचा. वीज येताच जागा होणारा, स्मृती सज्ज करणारा आणि कर्नलला उठवून त्याच्या हाती कारभार देणारा हा द्वारपाल होय. दुसरा थर कर्नलचा. प्रक्रियकाचा वेळ, स्मृती व जोडलेली साधने यांची वाटणी तो करतो. मेजावरील संगणकात कोणते साधन कोठे आहे हे बऱ्याच अंशी शोधून काढता येते. मागणीनुसार घडविलेल्या मुद्रित पटलावर तशी सोय नसते. म्हणून कोणती चिप कोणत्या पत्त्यावर व कोणत्या तारेवर आहे याची एक यादी कर्नलला द्यावी लागते. तिला डिव्हाइस ट्री म्हणतात. गावात नव्याने आलेल्या तलाठ्याला गावनकाशा द्यावा, तसाच हा प्रकार आहे.

तिसरा थर मूळ संचिका-व्यवस्थेचा, म्हणजे नित्याची साधने व ग्रंथालये ठेवण्याच्या जागेचा. येथे जागा वाचविण्यासाठी बिझीबॉक्स या आज्ञावलीचा सर्रास उपयोग केला जातो. ब्रूस पेरेन्स यांनी ती १९९५ साली एकाच फ्लॉपी चकतीवर बसेल अशा बेताने लिहिली होती. शेकडो छोट्या आज्ञा तीत एकाच संचिकेत सामावलेल्या असतात. चौथा थर उपयोजनाचा. ज्या कामासाठी यंत्र घेतले ते काम हा थर करतो. खालचे तीन थर बव्हंशी जगाने मिळून तयार केलेले असतात. चौथा मात्र त्या त्या कामासाठी स्वतंत्रपणे लिहावा लागतो.

हे सारे थर हाताने जुळविणे जिकिरीचे असते. त्यासाठी २००१ पासून बिल्डरूट आणि २०१० पासून योक्टो प्रकल्प अशी साधने उपलब्ध आहेत. कोणत्या आज्ञावल्या घ्यावयाच्या, त्यांची कोणती आवृत्ती, त्यांना कोणते फेरफार करावयाचे, हे सर्व लेखी कृतीच्या स्वरूपात मांडले जाते आणि त्यावरून संपूर्ण यंत्रणेची प्रतिमा तयार होते. बिल्डरूट शिकण्यास सोपे व आटोपशीर आहे. अनेक उत्पादने दीर्घकाळ सांभाळावयाची असतील तेथे योक्टोची थरांची पद्धत उपयोगी पडते. साधन कोणतेही असो, कृती लेखी स्वरूपात जतन केलेली असली म्हणजे पाच वर्षांनी दुसरा तंत्रज्ञही तीच यंत्रणा पुन्हा उभी करू शकतो, हे येथे महत्त्वाचे.

लिहावे एकीकडे, चालवावे दुसरीकडे

लहान उपकरणावर आज्ञावली लिहिण्यास व भाषांतरित करण्यास पुरेसे बळ नसते. म्हणून ती मोठ्या संगणकावर लिहून तेथेच उपकरणाच्या प्रक्रियकाच्या भाषेत उतरविली जाते. हे काम करणाऱ्या साधनास क्रॉस-कंपायलर आणि त्याच्या सोबतच्या सामग्रीस टूलचेन असे नाव आहे. नवशिक्याची पहिली अडचण येथेच उद्भवते. मेजावरील संगणकासाठी सिद्ध केलेली आज्ञावली उपकरणावर नेली, तर ते तिचे स्वरूपच ओळखण्यास नकार देते. हा दोष निदान सरळ असतो. दुसरा दोष मात्र फसवा आहे. संचिका डोळ्यांसमोर असते, प्रक्रियकाची जातही बरोबर असते; तरीही ‘संचिका सापडली नाही’ असा संदेश येतो. वस्तुतः न सापडलेली गोष्ट निराळीच असते. आज्ञावलीला सोबतची ग्रंथालये जोडून देणारा जो वाहक लागतो, तो उपकरणावर नसतो किंवा दुसऱ्या नावाचा असतो. कारण आज्ञावली एका सी-ग्रंथालयासाठी बांधलेली असते आणि उपकरणात दुसरेच वसविलेले असते.

यावर उपाय एकच. उपकरणाची प्रतिमा ज्या कृतीतून तयार झाली त्याच कृतीतून टूलचेन व ग्रंथालयांचा संचही तयार करावा आणि उपयोजन लिहिणाऱ्याच्या हाती द्यावा. बिल्डरूट व योक्टो या दोहोंत ही सोय आहे. ‘आमच्या यंत्रावर चालते, तुमच्या यंत्रावर का चालत नाही कळत नाही’, हा पुरवठादार व उपयोजनकार यांच्यातील नित्याचा वाद त्यामुळे मुळातच मिटतो.

तपासणीचेही टप्पे आहेत. हिशेब व निर्णय करणारा भाग साधनांपासून वेगळा लिहिला, तर तो मोठ्या संगणकावरच तपासता येतो. पुढचा टप्पा क्यूईएमयू या आज्ञावलीचा. तिच्या साहाय्याने दुसऱ्या जातीच्या प्रक्रियकाचे सोंग संगणकावर वठविता येते. अखेरीस प्रत्यक्ष उपकरणावर एक छोटा दूत-कार्यक्रम ठेवून, दोष शोधण्याचे मुख्य काम दुरून मोठ्या संगणकावरून करतात.

पंपघराचे उदाहरण

आज्ञावली चालणे आणि ती भरवशाची असणे यांत मोठे अंतर आहे. एक साधे उदाहरण घेऊ. समजा, उंचावरील टाकीत पाण्याची पातळी मोजणारा संवेदक आहे, विहिरीवर पंप आहे आणि मध्ये लिनक्सवर चालणारा नियंत्रक आहे. पातळी उतरली की पंप सुरू करावा, टाकी भरली की बंद करावा, एवढेच काम. विद्यार्थी ते एका दुपारी लिहील. परंतु गावाला पाणी मिळणे न मिळणे पुढील प्रश्नांवर अवलंबून राहील.

संवेदकाची तार उंदराने कुरतडली तर? तुटलेल्या तारेतून शून्य आले आणि शून्याचा अर्थ ‘टाकी रिकामी’ असा लावला, तर पंप रात्रभर चालेल, टाकी वाहील आणि विहीर आटेल. म्हणूनच उद्योगात ४ ते २० मिलिअँपिअरची पद्धत रूढ आहे. रिकाम्या टाकीलाही ४ मिलिअँपिअर प्रवाह येतो. शून्य आले तर तार तुटली असे निश्चित समजते. हा भेद आज्ञावलीने ओळखून पंप बंद ठेवला पाहिजे व सूचना दिली पाहिजे. तसेच सुरू करण्याची व बंद करण्याची पातळी एकच ठेवली, तर पाण्याच्या हेलकाव्यागणिक पंप चालू-बंद होत राहील. या दोन पातळ्यांत पुरेसे अंतर हवे.

वीज गेली व परत आली तर? ग्रामीण भागात हा अपवाद नव्हे, नित्यक्रम मानून चालावे. सुरू होताना पंप बंद, अशीच आरंभीची स्थिती असावी आणि पातळीची खात्री पटल्यावरच तो चालू व्हावा. लिहिता लिहिता वीज गेली तर नोंदवही अर्धवट राहते. यासाठी नवी नोंद प्रथम वेगळ्या संचिकेत पूर्ण लिहावी, ती कायम स्मृतीत पोहोचल्याची खात्री करावी आणि मगच जुनीच्या जागी तिचे नाव बदलावे. मग कोणत्याही क्षणी जुनी किंवा नवी अशी एक प्रत तरी शाबूत राहते. कार्यप्रणालीचा भाग केवळ वाचनापुरता ठेवावा म्हणजे तो बिघडण्याचा संभव उरत नाही. फ्लॅश स्मृती ठरावीक वेळाच पुसता येते. प्रत्येक सेकंदाला नोंद करणारी आज्ञावली तिचे आयुष्य अकाली संपविते. सबब नोंदी तात्पुरत्या स्मृतीत साठवून ठरावीक अंतराने लिहाव्यात.

आज्ञावली मध्येच अडकली तर? पुष्कळ प्रक्रियकांत वॉचडॉग नावाचे पहारेकरी-घड्याळ असते. ठरलेल्या वेळेत आज्ञावलीने त्याला ‘जागा आहे’ असे सांगितले नाही, तर ते यंत्र पुन्हा सुरू करते. मात्र ही हाळी मुख्य काम करणाऱ्या भागानेच दिली पाहिजे. ती वेगळ्या भागाकडे सोपविली, तर मालक बेशुद्ध पडला तरी गडी हाळी देतच राहील आणि पहारा व्यर्थ जाईल.

घड्याळाचा प्रश्नही सूक्ष्म आहे. बॅटरीवर चालणारे घड्याळ नसलेले उपकरण सुरू होताना १ जानेवारी १९७० ही तारीख दाखवू शकते, कारण लिनक्स त्या क्षणापासून सेकंद मोजते. पुढे जाळ्यावरून खरी वेळ मिळताच तारीख एकदम अनेक दशके पुढे उडी घेते. ‘पंप किती वेळ चालला’ हे तारखांच्या वजाबाकीने काढणारी आज्ञावली अशा वेळी भलताच आकडा देते. कालावधी मोजण्यासाठी, यंत्र सुरू झाल्यापासून सतत पुढेच जाणारे वेगळे घड्याळ लिनक्स पुरविते, तेच वापरावे. याखेरीज ३२ बिटांच्या जुन्या मोजणीत मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ ही आहे. ती १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरेल. लिनक्सच्या ५.६ या २०२० च्या आवृत्तीपासून ३२ बिटांच्या यंत्रांवरही ६४ बिटांच्या मोजणीची सोय झालेली आहे. परंतु ग्रंथालये व उपयोजन त्याप्रमाणे बांधलेले नसतील तर तिचा लाभ मिळत नाही. पंधरा वर्षे चालावे म्हणून आज बसविलेले यंत्र हा दिवस पाहणार आहे, याचे विस्मरण होऊ नये.

मराठी अक्षरांचा प्रश्न

उपकरण ज्याच्या हाती जावयाचे त्याच्या भाषेत त्याने बोलावे, ही अपेक्षा रास्त आहे. परंतु देवनागरीसाठी नुसता टंक पुरवून भागत नाही. ‘विहीर’ या शब्दातील ऱ्हस्व वेलांटी संगणकाच्या स्मृतीत ‘व’च्या नंतर साठविलेली असते, पडद्यावर मात्र ती ‘व’च्या आधी उमटली पाहिजे. जोडाक्षरे व रफार यांचेही तसेच. ही जुळणी करणारे हार्फबझसारखे मुक्त ग्रंथालय प्रतिमेत समाविष्ट केले नाही, तर अक्षरे विस्कटलेली दिसतात. ही गोष्ट शेवटी आठवली तर जागा उरलेली नसते. म्हणून कायम स्मृती किती घ्यावी हे ठरवितानाच भाषेचा विचार व्हावयास हवा.

या विचारास भारतात पूर्वपीठिका आहे. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर या कंपनीतील अभियंते यांनी मिळून सिम्प्यूटर हा हातात मावणारा लिनक्स संगणक तयार केला. त्याचा नमुना २००१ साली लोकांसमोर आला. साधा, स्वस्त आणि बहुभाषी असा लोकांचा संगणक, ही त्यामागील कल्पना. एक यंत्र अनेकांनी मिळून वापरावे यासाठी प्रत्येकाचे स्मार्ट कार्ड असावे आणि वाचता न येणाऱ्यास यंत्राने भारतीय भाषेत बोलून दाखवावे, अशी योजना होती. २००४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या सहकार्याने त्याची अमिडा ही आवृत्ती बाजारात आली. अपेक्षेइतका खप झाला नाही, हे खरे. पण गावकऱ्याची गरज प्रथम आणि यंत्राची घडण नंतर, हा त्यातील क्रम आजही अनुकरणीय आहे.

खरेदी करताना काय पारखावे?

डब्ल्यूआरटी५४जी राउटरची पुढील हकिगत या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यात लिनक्स आहे हे अभ्यासकांच्या ध्यानात आले व जीपीएलच्या अटीप्रमाणे मूळ संहितेची मागणी झाली. २००३ साली ती प्रसिद्ध करण्यात आली. त्याच संहितेच्या आधारे २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प सुरू झाला. आज तो निरनिराळ्या कंपन्यांच्या शेकडो प्रकारच्या राउटरांना नवी आज्ञावली पुरवितो आणि निर्मात्यांनी सोडून दिलेली यंत्रेही त्यामुळे कामात राहतात.

याउलट २०१६ साली मिराई या उपद्रवी आज्ञावलीने जगभरातील कॅमेरे, राउटर अशी लिनक्सवर चालणारी असंख्य उपकरणे ताब्यात घेतली. तिची युक्ती अगदी साधी होती. कारखान्यातून आलेला व सर्व नगांना सारखाच असलेला परवलीचा शब्द कोणी बदललेलाच नव्हता. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा उपकरणांकडून झालेल्या भडिमारामुळे अमेरिकेत अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. कोठल्याशा गावातील दुर्लक्षित कॅमेरा दूरच्या देशात उपद्रव करू शकतो, हा त्याचा धडा.

भारत सरकारने २०१५ साली मुक्त संहितेच्या आज्ञावल्यांना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले आहे. त्याचा खरा लाभ व्हावयाचा तर निविदेच्या अटींत पुढील बाबी स्पष्ट लिहिणे हिताचे ठरेल. एक, जीपीएलखालील सर्व भागांची मूळ संहिता, बांधणीच्या लिपीसह, उपकरणासोबतच द्यावी. दोन, टूलचेन व संपूर्ण लेखी कृती द्यावी आणि तीवरून प्रतिमा नव्याने तयार करून, ती उपकरणावर चालवून दाखवावी. हे प्रात्यक्षिक झाल्याशिवाय अखेरचे देयक देऊ नये. तीन, कर्नल मुक्त असला म्हणून त्यावरील उपयोजन आपोआप मुक्त होत नाही. शासकीय पैशातून लिहिलेल्या उपयोजनाचे हक्क कोणाकडे राहणार ते करारात नमूद करावे. चार, अद्ययावत प्रतिमा स्वाक्षरीने प्रमाणित असावी, स्वाक्षरीच्या किल्ल्या खरेदीदाराच्या स्वाधीन असाव्यात, आणि उपकरणात यंत्रणेच्या दोन प्रती ठेवण्याची सोय असावी, म्हणजे नवी बिघडल्यास जुनी आपोआप सुरू होईल. पाच, प्रत्येक नगाचा परवलीचा शब्द वेगळा असावा व सुरक्षाविषयक दुरुस्त्या किती वर्षे मिळतील ते लेखी द्यावे. सहा, नोंदींचे स्वरूप उघड असावे, म्हणजे यंत्र बदलले तरी आधीच्या नोंदी वाचता येतील.

यांतील दुसरी अट विशेष महत्त्वाची होय. संहितेची तबकडी कपाटात असणे आणि तीतून यंत्रणा पुन्हा उभी करता येणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. बियाण्याची पोती मोजून घेतली तरी उगवण पाहिल्याशिवाय शेतकरी समाधान मानीत नाही. अधिकाऱ्यानेही मानू नये.

शिक्षणाची संधी

हे ज्ञान केवळ मोठ्या शहरांपुरते राहण्याचे कारण नाही. बिल्डरूट, क्यूईएमयू आणि कंपायलर ही सारी साधने विनामूल्य आहेत. शाळेतील किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील साधारण संगणकावर, कोणतेही उपकरण विकत न घेता, विद्यार्थी स्वतःची लिनक्स यंत्रणा बांधून चालवू शकतो. त्यानंतर एखादे स्वस्त पटल, एक संवेदक आणि गावातील एक खरी अडचण एवढी सामग्री पुरेशी आहे. तुटलेली तार, गेलेली वीज आणि चुकलेले घड्याळ यांचा विचार करावयास शिकलेला विद्यार्थी पुढे कोणत्याही यंत्राचा भरवसा पारखू शकेल.

पंपघरातील नियंत्रक बिघडला म्हणून दूरच्या शहरातील तंत्रज्ञाची आठवडाभर वाट पाहावी लागणे आणि तालुक्याच्या ठिकाणच्या तरुणाने कृती उघडून, दोष शोधून, संध्याकाळपर्यंत नळाला पाणी आणणे, यांतील अंतर यंत्राच्या किमतीने ठरत नाही. यंत्र विकत घेताना त्याच्याबरोबर त्याचे ज्ञानही मागून घेतले होते की नाही, यावर ते ठरते.